ओपिऑइडमुळे थांबलेले हृदय आणि त्याआधी थांबलेला श्वास

भूलतज्ज्ञाच्या हातात फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक रोज असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील माणसाला ते शिरेतून दिले की काही मिनिटांत त्याचा श्वास मंदावतो, कधी पूर्णपणे थांबतो. तरीही त्याचे हृदय व्यवस्थित चालत राहते, मेंदूला इजा होत नाही आणि शस्त्रक्रिया आटोपल्यावर तो जागा होऊन बोलू लागतो. बंद खोलीत, एकटा असताना, त्याच औषधाने श्वास थांबलेला माणूस मात्र दगावतो. दोघांच्या शरीरात औषधाने केलेले काम एकच असते. पहिल्याच्या उशाशी त्याच्यासाठी श्वास देणारे कोणीतरी उभे असते आणि दुसऱ्याजवळ कोणी नसते, किंवा असले तरी काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. ओपिऑइडच्या अतिमात्रेमुळे होणाऱ्या कार्डिॲक अरेस्टच्या, म्हणजे हृदय थांबण्याच्या, उपचारांविषयी मला जे सांगायचे आहे, ते सगळे या फरकाशी जोडलेले आहे.

अफूपासून मिळणारे मॉर्फिन आणि कोडीन, मॉर्फिनवर प्रक्रिया करून बनवलेले हेरॉइन, आणि प्रयोगशाळेत तयार होणारी फेंटॅनिल, मेथाडोन, ट्रामाडॉल यांसारखी औषधे ही सारी ओपिऑइड गटात मोडतात. मेंदूतील म्यू नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरील औषध जोडले जाण्याच्या जागेवर, ती काम करतात. वेदना शमते ती मुख्यतः याच रिसेप्टरमुळे आणि श्वास मंदावतो तोही याच्यामुळेच, म्हणून एक परिणाम ठेवून दुसरा टाळणे अवघड असते. मस्तिष्कस्तंभात श्वासाची लय निर्माण करणारा चेतापेशींचा एक लहानसा समूह आहे, त्याला प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स म्हणतात. ओपिऑइड त्याचे काम मंदावतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की निरोगी माणसाला आपोआप जोराने श्वास घ्यावा लागतो, ती प्रतिक्रियाही बोथट होते. त्यामुळे गुदमरणारा माणूस धडपडत नाही. तो गाढ झोपल्यासारखा दिसतो, जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडल्यामुळे घोरतो, आणि शेजारी बसलेल्यांना वाटते की बरे झाले, अखेर झोप लागली. या विषबाधेतील हा सर्वांत घातक गैरसमज आहे. ज्याला हलवून, हाक मारून जाग येत नाही त्याचे खोल, घरघरणारे घोरणे हे अडलेल्या श्वसनमार्गाचे लक्षण समजावे.

श्वास अपुरा पडू लागल्यापासून हृदय थांबेपर्यंत काही वेळ जातो, आणि हा मधला काळच उपचाराला अनुकूल असतो. ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्ताची आम्लता वाढते. हृदयाचे ठोके हळूहळू मंद होत जातात, रक्तदाब घसरतो. पुढे अशी अवस्था येते की हृदयाच्या विद्युत्-लहरी मॉनिटरवर दिसत राहतात, पण नाडी लागत नाही, कारण ऑक्सिजनअभावी थकलेला स्नायू रक्त पुढे ढकलू शकत नाही. अखेरीस मॉनिटरवरची रेषा सपाट होते. हृदयविकाराने अचानक कोसळलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. त्याच्या हृदयाची लय एका क्षणात बिघडते, पण त्या क्षणापर्यंत तो नीट श्वास घेत असतो, त्यामुळे त्याच्या रक्तात आणि फुप्फुसांत सुरुवातीच्या काही मिनिटांपुरता ऑक्सिजन शिल्लक असतो. ओपिऑइडने हृदय थांबलेल्या माणसाच्या रक्तातील साठा हृदय थांबण्यापूर्वीच संपलेला असतो.

हा फरक समजला की उपचारांचा क्रम का बदलतो हेही समजते. गेल्या काही वर्षांत सर्वसामान्य लोकांना केवळ हातांनी छाती दाबण्याचा, म्हणजे तोंडाने श्वास न देता करायचा सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसावरचा तातडीचा उपचार) शिकवला गेला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 मध्ये त्याची शिफारस केली ती प्रौढ व्यक्ती डोळ्यांसमोर अचानक कोसळल्यास काय करावे यासाठी, आणि त्या प्रसंगासाठी ती योग्यच होती. पण जिथे श्वास आधी थांबला आहे, तिथे नुसती छाती दाबल्याने ऑक्सिजन नसलेले रक्तच मेंदूकडे आणि हृदयाकडे फिरत राहते. म्हणून ओपिऑइडचा संशय असेल आणि ज्याला श्वास देता येतो असा माणूस हजर असेल, तर 30 दाबांनंतर 2 श्वास ही जुनी पद्धतच वापरावी. ज्याला श्वास देणे शिकवलेले नाही किंवा ते शक्य नाही, त्याने छाती दाबणे तरी सोडू नये. काहीच न करण्यापेक्षा ते निश्चित चांगले. तरीही प्रशिक्षण देणाऱ्यांनी श्वास देण्याचा भाग वगळू नये, असा माझा आग्रह आहे, कारण या एका प्रकारच्या मृत्यूत तोच भाग सर्वांत मोलाचा असतो.

भूलशास्त्राच्या इतिहासात याला दोन आधार सापडतात. जेम्स एलम आणि पीटर सफार या भूलतज्ज्ञांनी 1950 च्या दशकात दाखवून दिले की आपण सोडलेल्या श्वासात सुमारे 16 टक्के ऑक्सिजन उरतो आणि दुसऱ्याला जगवायला तो पुरतो. सफार यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या लोकांचे स्नायू औषधाने लुळे पाडले, त्यांचा श्वास थांबला, आणि इतरांनी तोंडाने दिलेल्या श्वासावर त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन टिकून राहिला. दुसरा आधार बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधांच्या विषबाधेचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णांना जागे करण्यासाठी उत्तेजक औषधे टोचली जात आणि पुष्कळ रुग्ण दगावत. कोपनहेगनमध्ये कार्ल क्लेमेसेन आणि एरिक निल्सन यांनी ती औषधे बंद केली, रुग्णाचा श्वसनमार्ग मोकळा ठेवला, श्वासाला आणि रक्ताभिसरणाला आधार दिला आणि औषध शरीरातून जाण्याची वाट पाहिली; मृत्यूंचे प्रमाण प्रचंड घटले. ओपिऑइडच्या बाबतीत आपल्याजवळ नालोक्सोन हा खरोखर प्रभावी उतारा आहे, ही आपली सुदैवाची गोष्ट. पण उतारा हाताशी असला की श्वासाकडे दुर्लक्ष होण्याची भीती तेव्हा होती तशी आजही आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. निपचित पडलेल्या माणसाला मोठ्याने हाक मारावी, खांदे हलवावेत, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी जोराने घासून पाहावे. प्रतिसाद नसेल तर लगेच मदतीसाठी ओरडावे, रुग्णवाहिका बोलवावी आणि फोन स्पीकरवर ठेवून कामाला लागावे. डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक असणे, ओठ आणि नखे निळसर किंवा करडी पडणे, शेजारी सिरिंज, गोळ्यांची रिकामी पाकिटे किंवा त्वचेवर चिकटवलेले फेंटॅनिलचे पॅच आढळणे या खुणा ओपिऑइडकडे बोट दाखवतात. मात्र ऑक्सिजनअभावी मेंदूला इजा झाली की बाहुल्या मोठ्याही होतात, म्हणून बारीक बाहुल्या नाहीत एवढ्यावरून ओपिऑइड नाही असा निष्कर्ष काढू नये. श्वास नीट चालू असेल तर माणसाला एका कुशीवर वळवावे, उलटी झाली तरी ती फुप्फुसांत जाणार नाही अशा बेताने ठेवावे आणि क्षणभरही एकटे सोडू नये. श्वास नसेल, किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर सामान्य माणसाने नाडी शोधण्यात वेळ घालवू नये. सीपीआर सुरू करावा. छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, किमान 5 सेंटिमीटर पण 6 पेक्षा अधिक नाही, इतके खोल दाब द्यावेत आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. श्वास देताना कपाळावर हात ठेवून डोके मागे झुकवावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरावे आणि साधारण एक सेकंद फुंकावे. छाती उचललेली दिसली म्हणजे श्वास पोहोचला. ती उचलली नाही तर बहुतेक वेळा डोक्याची स्थिती चुकलेली असते. ती सुधारून पुन्हा प्रयत्न करावा. स्वयंचलित डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा धक्का, म्हणजे शॉक, देणारे यंत्र) मिळाला तर तो लावावाच, पण यंत्राने शॉकची गरज नसल्याचे सांगितले म्हणून आशा सोडू नये. या रुग्णांत तसे वारंवार घडते आणि त्याचा अर्थ एवढाच की छाती दाबणे आणि श्वास देणे चालू ठेवायचे आहे.

प्रशिक्षित आरोग्यसेवकाने मात्र नाडी पाहावी, 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ न लावता. नाडी आहे आणि श्वास नाही, ही अवस्था म्हणजे मी वर म्हटलेला मधला काळ. इथे दर 6 सेकंदांना एक याप्रमाणे श्वास द्यावा, नालोक्सोन द्यावे आणि साधारण दर 2 मिनिटांनी नाडी पुन्हा तपासावी. या टप्प्यावर वेळेत दिलेल्या काही श्वासांनी कार्डिॲक अरेस्ट टळू शकतो, आणि ते करायला अँबू बॅग (हाताने दाबून हवा देणारी पिशवी), मास्क आणि डोके धरायला येणारे हात एवढेच लागते. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवणे हे वाटते तितके सोपे नाही. दोघे असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क आणि जबडा धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी, हे मी प्रत्येक वर्गात शिकवतो.

नालोक्सोन हे औषध 1960 च्या दशकात तयार झाले आणि अमेरिकेत 1971 मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते म्यू रिसेप्टरवरून ओपिऑइडला हटवते, स्वतः मात्र तिथे कोणताही परिणाम करत नाही. शिरेतून दिल्यास मिनिट-दोन मिनिटांत, स्नायूत किंवा नाकात फवारल्यास आणखी काही मिनिटांत ते काम करू लागते. नाकात फवारायच्या एका प्रचलित मात्रेत 4 मिलिग्रॅम औषध असते आणि 2 ते 3 मिनिटांत फरक न पडल्यास दुसऱ्या नाकपुडीत पुढची मात्रा देता येते. ज्याच्या शरीरात ओपिऑइड नाही त्याला ते सहसा इजा करत नाही, म्हणून शंका असली तरी द्यावे. गर्भवती स्त्रीलाही ते नाकारू नये, कारण आईचा श्वास परत आला नाही तर बाळही वाचत नाही. परंतु हृदय थांबलेले असताना औषध मेंदूपर्यंत नेणारा रक्तप्रवाहच नसतो. तो छाती दाबणाऱ्या हातांनी निर्माण करायचा असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट म्हटले आहे: कार्डिॲक अरेस्टमध्ये उत्तम दर्जाच्या सीपीआरला नालोक्सोनपेक्षा अग्रक्रम द्यावा. दोन माणसे असतील तर एकाने फवारा शोधावा आणि दुसऱ्याने छातीवरून हात काढू नये. एकटाच माणूस असेल आणि औषध खिशात नसेल, तर ते शोधायला दूर जाऊ नये.

बर्फ लावणे, थंड पाण्याखाली धरणे, थोबाडीत मारत राहणे, उभे करून चालवणे, मिठाचे पाणी किंवा दूध टोचणे यांतले काहीही श्वास परत आणत नाही, आणि प्रत्येकात मिनिटे वाया जातात. मेंदू ऑक्सिजनशिवाय 4 ते 6 मिनिटांत कायमचा दुखावू लागतो. मदत करणाऱ्यालाच स्पर्शाने फेंटॅनिल चढेल ही भीतीही निराधार आहे. त्वचेवर थोडी भुकटी लागल्याने विषबाधा होत नाही, हातमोजे घालावेत आणि नंतर पाण्याने हात धुवावेत, एवढी काळजी पुरते. या भीतीपोटी श्वास द्यायला कोणी मागे हटले तर ते फार मोठे नुकसान आहे.

वैद्यकीय पथक पोहोचल्यावर नेहमीचीच प्रगत जीवरक्षक प्रक्रिया चालते, पण जोर कशावर द्यायचा ते वेगळे असते. श्वसनमार्ग आणि ऑक्सिजन यांकडे पहिल्या मिनिटापासून लक्ष द्यावे लागते. मॉनिटरवर शॉकचा उपयोग होत नाही अशी लय असेल तर ॲड्रेनलिन 1 मिलिग्रॅम शक्य तितक्या लवकर आणि मग दर 3 ते 5 मिनिटांनी द्यावे. श्वासनलिकेत नळी टाकली की छातीचे दाब न थांबवता दर 6 सेकंदांना एक श्वास पुरेसा असतो. घाईत, भीतीपोटी बॅग भराभर दाबली जाते आणि त्यामुळे छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, पोटात हवा जाऊन उलटी होते. हे टाळणे पथकप्रमुखाचे काम आहे. फेंटॅनिल मोठ्या मात्रेत आणि झपाट्याने शिरेत गेल्यास कधी छातीचे स्नायू इतके ताठ होतात की बॅगने हवा आत जातच नाही. भूलतज्ज्ञ हे ओळखतात आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन मार्ग काढतात. इतरांनीही ही शक्यता मनात ठेवावी.

सगळे ओपिऑइड केवळ श्वासावाटेच हृदयाला मारतात असे मात्र नाही. मेथाडोन हृदयाच्या विद्युत्-चक्रातील क्यूटी हा कालावधी लांबवते आणि त्यातून टोर्साद द प्वांत ही जीवघेणी लय उद्भवू शकते. अतिसारावरील लोपेरामाइड प्रचंड मात्रेत घेतले तर तेही असेच वागते. अशा वेळी शॉक आणि मॅग्नेशियम यांना महत्त्व येते. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हृदयातील सोडियमचे मार्ग अडवते आणि तिथे सोडियम बायकार्बोनेट उपयोगी पडते. ट्रामाडॉलच्या अतिमात्रेत झटके येतात. ब्युप्रेनॉर्फिन रिसेप्टरला इतके घट्ट धरून बसते की नालोक्सोन नेहमीपेक्षा जास्त लागू शकते. शिवाय रुग्णाने दारू, बेन्झोडायझेपिन गटातील झोपेची औषधे किंवा भेसळीतून आलेले झायलाझिन (जनावरांना गुंगी देणारे औषध) घेतलेले असू शकते, आणि यांतील कशावरही नालोक्सोन चालत नाही. नालोक्सोन दिले आणि रुग्ण जागा झाला नाही तर मात्रेमागून मात्रा देण्याऐवजी त्याचा श्वास चालू आहे का, ऑक्सिजन पुरेसा आहे का हे पाहावे. अशा वेळी अँबू बॅग एकच प्रश्न सोडवते, पण तोच प्रश्न जीवनमरणाचा असतो.

कार्डिॲक अरेस्टमध्ये नालोक्सोनचा स्वतंत्र फायदा आहे का, हा वाद अजून मिटलेला नाही. 2024 मध्ये कॅलिफोर्नियातील रुग्णवाहिकांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात ज्यांना ते दिले गेले त्यांच्यात जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. पण तो निरीक्षणात्मक अभ्यास होता. ज्यांना औषध दिले गेले ते रुग्ण आणि ज्यांना दिले नाही ते रुग्ण मुळातच वेगळे असू शकतात. माझे मत असे की पथकात पुरेसे हात असतील, शिरेचा मार्ग मिळालेला असेल आणि ओपिऑइडचा संशय असेल तर ते द्यावे. त्यासाठी दाब, श्वास किंवा ॲड्रेनलिन यांतले काहीही खोळंबता कामा नये.

हृदय पुन्हा चालू झाले की दुसरे काम सुरू होते. नालोक्सोनचा असर साधारण 30 ते 90 मिनिटे टिकतो, तर मेथाडोन किंवा सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचा त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे शुद्धीवर आलेला रुग्ण तासाभराने पुन्हा निपचित पडू शकतो. ज्याच्या श्वासनलिकेत नळी नाही अशा रुग्णाला नालोक्सोन शिरेतून 0.04 मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रांनी सुरुवात करून, श्वास पुरेसा होईपर्यंतच वाढवावे. तो पूर्ण जागा झालाच पाहिजे असा हट्ट नसावा. एकदम मोठी मात्रा दिली तर व्यसनाधीन माणसाला उलट्या, कंप, अस्वस्थता असा तीव्र त्रास होतो आणि कधी फुप्फुसांत पाणी भरते. श्वास पुन्हा पुन्हा मंदावत असेल तर ज्या मात्रेने तो सुधारला तिच्या दोन तृतीयांश औषध दर तासाला शिरेतून चालू ठेवता येते. फुप्फुसांत उलटी गेली आहे का, बराच वेळ एकाच कुशीवर पडून राहिल्याने स्नायू चिरडून मूत्रपिंडांवर ताण आला आहे का, संयुक्त गोळीतून पॅरासिटॅमॉलही पोटात गेले आहे का, हे तपासायला हवे. मेंदूचे भवितव्य ठरवण्याची घाई करू नये: रक्तदाब सांभाळावा, ताप येऊ देऊ नये, ऑक्सिजन ना कमी ना अवाजवी जास्त ठेवावा आणि किमान 72 तास उलटल्याशिवाय, शरीरातील गुंगीची औषधे उतरल्याशिवाय, नातेवाइकांना अंतिम काही सांगू नये. यांपैकी अनेक रुग्ण तरुण असतात, त्यांच्या रक्तवाहिन्या निरोगी असतात, आणि वेळेत श्वास मिळाला असेल तर बरे होण्याची त्यांची क्षमता मोठी असते.

जो यातून वाचतो, त्याला पुढच्या काही महिन्यांत पुन्हा अतिमात्रा होण्याचा धोका फार असतो. रुग्णालयात किंवा तुरुंगात काही दिवस औषधाविना गेले की शरीराची सवय उतरते, आणि बाहेर पडून पूर्वीचीच मात्रा घेतली तर ती आता जीवघेणी ठरते. म्हणून व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनचे उपचार रुग्णालयातच सुरू करावेत, नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नये. दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, तसेच नालोक्सोनही. सोबत नालोक्सोन द्यावे आणि ते रुग्णाला नव्हे, त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना वापरायला शिकवावे, कारण वेळ आली तेव्हा रुग्ण स्वतः ते घेऊ शकणार नसतो. फवारा दाखवतानाच त्यांच्याकडून पुतळ्यावर डोके झुकवून, छाती वर येईपर्यंत श्वास देण्याचा सराव करून घ्यावा. हे सारे रुग्ण वॉर्डात असताना, नातेवाईक पलंगाशेजारी बसलेले असतानाच करावे. एकदा घरी गेल्यावर या शिक्षणासाठी परत येणारे फार थोडे असतात.